सोळावी ओळ आणि आकाशकंदील

नलूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर होते. भाचीला शिमल्याच्या बसमध्ये बसवून दिलं होतं, बस निघून गेली होती आणि मी रिक्षा शोधायची सोडून उगाचच कंपाउंडच्या भिंतीच्या कडेनं चालत होते. सप्टेंबर संपत आला होता, ऊन मऊ झालं होतं. भिंतीच्या भेगेतून भांगेचं एक झाड वर आलेलं, माझ्या खांद्याएवढं. चंदीगडमध्ये भांग कुणाला लावावी लागत नाही, ती असतेच. रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या काठी, आपल्याकडे गाजरगवत असतं तशी. सवयीनं मी एक फांदी वाकवून बघितली. नर होता. बोटांना पिवळी धूळ लागली. तेवढ्यात फोन वाजला... नलूताईंच्या विद्यार्थिनीचा, हरप्रीतचा. "आंटीजी, मॅम नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा ती फांदी अजून हातातच होती आणि फोनच्या काचेवर माझं पिवळं बोट उठलं होतं.

चंदीगडशेजारच्या खरड गावी, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नलूताई दुपारचं जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. वय सहासष्ट. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, किती सुखाचं मरण, कुणाला काही करावं लागलं नाही. मला मात्र रागच आला होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे. त्या दिवशी सगळे रडले, मी रडले नाही. अहो, त्यांच्या भांगेची सोळावी ओळ फुलायला जेमतेम तीन आठवडे उरले होते, निदान तेवढं तरी थांबायचं ना. आता दोन महिने होऊन गेलेत. सकाळी धुकं पडायला लागलंय, समोरची इमारत असून नसल्यासारखी वाटते, आणि ह्या दिवसांत मला चालू वर्ष कोणतं तेही चटकन सांगता येत नाही. गॅलरीखाली, हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये कुणी वाकलेलं दिसलं की वाटतं, त्याच आहेत. मग ते माणूस उभं राहतं आणि वेगळंच कुणी निघतं.

आमची ओळख भांडणातून झाली. म्हणजे माझ्या आणि आमच्या ह्यांच्या भांडणातून. बावीस वर्षांपूर्वी ह्यांना इथल्या एका संशोधन संस्थेच्या कचेरीत नोकरी लागली आणि मी आठ वर्षांच्या ऋचाला घेऊन कराडहून इथे येऊन पडले. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावरचं. गॅलरीखाली भिंत आणि भिंतीपलीकडे संस्थेचा प्रयोगाचा प्लॉट. आपली भाषा इथे कुणाला कळत नाही ह्याचा एक फायदा असतो, तोंड कसंही सोडता येतं. त्या दिवशी हे गॅसची नोंदणी करायला विसरले म्हणून मी गॅलरीत उभी राहून त्यांच्या खानदानाचा उद्धार करत होते, आणि खालून आवाज आला, "बाई, जरा हळू. खाली समजणारं माणूस आहे." आता गं बया! मी वाकून बघितलं. पुरुषी शर्ट, डोक्यावर मोठी टोपी, आणि ती बाई एकेका झाडाच्या शेंड्याला पांढऱ्या कापडाची पिशवी घालत होती, तान्ह्या बाळाला टोपडं घालतात तशी, बंदसुद्धा तितक्याच हळुवारपणे बांधत होती. लाज लपवायला मी विचारलं, काय लावलंय. त्या वर न बघताच म्हणाल्या, "भांग." मी चाटच पडले. परमुलखात एक मराठी माणूस भेटलं, ते हे असं.

कागदोपत्री त्या डॉक्टर नलिनी, वनस्पतिशास्त्रातल्या. मूळच्या अकोल्याच्या. लग्न केलेलं नाही, आणि कुणी का म्हणून विचारलं तर "वेळ कुठं मिळून राहिला" म्हणायच्या. सरकारी परवाना घेऊन नशा नसलेली भांग तयार करायची, दोरासाठी आणि बियांसाठी, हे त्यांचं काम. चार वेळा गॅलरीतून बोलणं झाल्यावर त्यांनी मला गेटचा पास करून दिला आणि मी चहाचा थर्मास घेऊन खाली जाऊ लागले. झाडांविषयी मला जे काही कळतं ते तिथल्या उलट्या बादलीवर बसून कळलं. भांगेत नर वेगळा आणि मादी वेगळी, पपईसारखं. नर आधी फुलतात, धूळ उडवतात आणि दसऱ्याच्या आत वाळूनही जातात. पावसाळा संपता संपता ह्या शहरातली हवा त्या धुळीनं भरलेली असते, निम्मं चंदीगड शिंकत असतं. अशा हवेत मादीला शुद्ध कसं ठेवायचं? म्हणून नलूताईंनी उशिरा फुलणारी जात धरली होती. शहरातले सगळे नर वाळले की मग आमच्या पोरी फुलतात, असं त्या सांगायच्या. जपून ठेवलेला हवा तोच पराग कुंचल्यानं एखाद्या फांदीला लावायचा, त्या फांदीला टोपडं बांधायचं, बाकी झाड कोरं.

ह्या सगळ्यामागे एक पहाडी आजी होती. एका वर्षी नलूताई वरच्या डोंगरातल्या एका गावी महिनाभर राहिल्या होत्या. तिथल्या बायका भांगेच्या सालीचे दोर वळतात, बी भाजून चटणी करतात. त्या घरातल्या आजीनं त्यांना शेत दाखवून म्हटलं होतं, "आधा खेत निठल्लों का है." निम्मं शेत बिनकामाच्यांचं. निम्मी झाडं नर, त्यांना बी यायचं नाही, आणि कोवळेपणी ओळखूही यायचं नाही की उपटून टाकावं. कडेला मूठभर नर पुरतात, बाकी शेत मादीचं मिळालं तर बी दुप्पट होईल, हा आजीचा साधा हिशोब. निघताना तिनं आपल्या शेतातलं ओंजळभर बी दिलं. नलूताईंनी ते सोळाव्या ओळीत लावलं, आणि मग बारा वर्षं दर वर्षी त्यातून निवडत निवडत, नशा काढत काढत, त्या ओळीची एक नवी जात होत आली. त्या जातीला नाव नव्हतंच. आम्ही सोळावी ओळ म्हणायचो. आजीला मादीचंच बी नेऊन द्यायचा शब्द दिलाय, हे त्या दिवाळीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा हमखास म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला नीट समजावून सांगितली होती, आणि तीच पुढे माझ्या गळ्याशी आली. कधी कधी भांगेच्या मादीलाच नराची फुलं येतात. हिरव्या फुलांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी केळी दिसायला लागतात. पुस्तकात ह्याला उभयलिंगी होणं म्हणतात, नलूताई फक्त "पिवळं आलं" म्हणायच्या. ती एकटी असते, आसपास नर नाही, थंडी पडायला लागलीय, मग ती स्वतःच दोन्ही होते; बी पडल्याशी मतलब. मला हे ऐकताना फार बरं वाटलं होतं, का ते सांगता येणार नाही... ह्या पिवळ्यात गंमत अशी की तो पराग मादीचाच असल्यामुळे त्यातून होणारं सगळं बी मुलींचं, एकही नर नाही. आजीला हवं होतं तेच. म्हणून ही माणसं चांगल्या, धडधाकट मादीवर चांदीच्या क्षाराचं पाणी फवारून मुद्दाम तिला पिवळं आणवतात. पण काही न करता, आपल्या आपण जिला पिवळं येतं, तिच्या मुलींनाही तीच खोड लागते. शेतात एक जरी अशी निघाली तरी सगळं बिघडतं. तिला ओळीत ठेवायचं नाही. एवढ्या बाबतीत नलूताई फार कडक होत्या.

आता आठ वर्षांपूर्वीची ती दिवाळी. ऋचाला मोहालीच्या कंपनीत नोकरी लागली होती, पहिला पगार झाला होता. मी भावाकडून कराडहून बांबूच्या काड्यांचा, हातभर रुंद, पाच टोकांचा आकाशकंदील मागवला. आधीची वर्षं आमचा कंदील म्हणजे पुठ्ठ्याचा, आत झिरोचा बल्ब, झोपताना बंद. ह्या वेळी ह्यांना चेव आला, त्यांनी आत चांगला दणकट एलईडी बसवला. खालच्या मजल्यावरचे सरदारजी बायकोमुलांना घेऊन बघायला आले, फोटो काढून गेले. माझी मान अशी ताठ झाली होती म्हणता! वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मी तो मालवलाच नाही, रात्रभर जळत ठेवला. नलूताई त्याआधीच भाऊबीजेसाठी अकोल्याला गेल्या होत्या, गुडघा धरला म्हणून तिथेच राहिल्या. हरप्रीत तेव्हा त्यांची नवी विद्यार्थिनी. ती सकाळी येऊन पाणी घालून जायची. खाली सोळावी ओळ फुलात होती. भांगेच्या फुलाला रात्रीचा सलग अंधार लागतो, मध्येच उजेड पडला तर ती बावचळते, हे मला बादलीवर बसून सांगितलेलं होतं हो. सांगितलेलं होतंच. पण दिवाळीच्या कंदिलाला कुणी उजेड म्हणतं का? तो कंदील होता.

तुळशीचं लग्न लागलं, मी कंदील काढून खोक्यात घातला, खोकं कपाटावर ठेवलं. पुढच्याच आठवड्यात नलूताई परतल्या, आणि त्या दुपारी मी गॅलरीतून बघितलं तर त्या सोळाव्या ओळीसमोर नुसत्या बसून होत्या. भिंतीकडच्या सहाही झाडांना पिवळं येऊन गेलं होतं, टोपड्याबाहेरच्या फांद्यांवर बी धरलं होतं. त्यांनी चौकशी केली. वॉचमनला विचारलं, रस्त्यावरचा दिवा तपासला, जाळी तपासली. काही सापडेना. संध्याकाळी वर आल्या, माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. चहा गार होऊन गेला तरी कप हातात तसाच. मग म्हणाल्या, "कुठून उजेड शिरला असता ना सुनंदा, तर बरं झालं असतं. झाडाचा दोष नसता मग. पण असं आपोआप आलं म्हणजे रक्तातच आहे. आजीच्याच बियात असंल."

ते खोकं त्यांच्या डोक्यावर, कपाटावर होतं. मी फक्त मान वर करायची होती. पण तोंडाला कुलूप लागलं. ह्यांची नोकरी ह्याच संस्थेत, क्वार्टर संस्थेचं, प्लॉटकडे उजेड टाकायचा नाही अशी पाटी जिन्यात लावलेली. हे सगळं एकदम डोक्यात आलं. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती त्यांची होती. त्या मला काय म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत, आणि पास काढून घेतील, आणि मी परत ह्या गावात एकटी पडेन. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आता बोलून काय होणार, गप्प राहा. गप्प राहायला मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तेव्हा बरं जमलं.

चौथ्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि त्यात जळका वास. गॅलरीत आले तर खाली धूर. ओळ दुसऱ्या टोकाकडून उपटत आणली होती, भिंतीकडची ती सहा तेवढी उभी होती, फोटो काढायचे म्हणून मागे ठेवलेली. मी कपाटावरचं खोकं ओढलं, कंदील तसाच हातात घेतला आणि सपाता घालून जिना उतरत सुटले. गेटवर पास दाखवायचंही भान नव्हतं. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नलूताई, उजेड मी लावला होता. रात्रभर. हा बघा."

त्यांनी कंदिलाकडे बघितलं, मग वर माझ्या गॅलरीकडे, मग भिंतीकडच्या झाडांकडे. आवाज चढवला नाही. बल्ब कितीचा, लावला कधी, काढला कधी, कोणत्या टोकाला होता, एकेक विचारलं आणि वहीत लिहिलं. एकोणीस दिवस, असं मोजून लिहिलं. मग पेन खाली घेतलं. "आणि हे चार दिवस काय करून राहिली होती?" मी हातातला कंदील खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "आजीचं बी पहिलं जाळलं मी. सगळी जुनी पाकिटं. एक राहिलं तरी कुणीतरी पेरंल, म्हणून आधी तेच." हरप्रीत शेजारी काठी धरून उभी होती, तिला मराठी कळत नव्हतं, पण ती रडायला लागली. धुरातून त्या सहा झाडांचे शेंडे दिसत होते. बारा वर्षांतलं एवढंच उरलं होतं, माझ्या कंदिलाच्या उजेडात धरलेलं बी.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी थर्मास गेटवर ठेवायचे, संध्याकाळी तो रिकामा परत मिळायचा, एवढंच. त्या हिवाळ्यात धुकं नेहमीपेक्षा दाट होतं की मलाच तसं वाटत होतं कोण जाणे. दिवसचे दिवस सूर्य दिसायचा नाही, प्लॉट दिसायचा नाही, खालून फक्त फावड्याचा आवाज यायचा आणि मी गॅलरीत उभी राहून तो ऐकायचे. मनात शंभरदा जिना उतरायचे, चारही दिवस उलटे करून पहिल्याच संध्याकाळी कपाटाकडे बोट दाखवायचे... संक्रांतीला दार वाजलं. दारात त्या, हातात डबी. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीले तोच कंदील लावायचा. तोच बल्ब. एकोणीस दिवस." माझा जीव भांड्यात पडला. माफ केलंत का, असं मी वेड्यासारखं विचारलं. त्यावर त्यांनी वही काढून दाखवली. वही सगळी इंग्रजीत; त्या पानावर मात्र एक नवा खाना पाडला होता, त्यावर देवनागरीत लिहिलं होतं, "उशीर". आणि खाली, "चार दिवस". वही मिटून म्हणाल्या, "माफीचा खाना नाही आपल्याकडं."

पुढच्या दिवाळीला त्या बियांची झाडं उभी राहिली. एकही नर निघाला नाही, सगळ्या मुली. निम्म्या काळ्या ताडपत्रीच्या अंधारात ठेवल्या, निम्म्या माझ्या कंदिलाखाली. अंधारातल्या एकीलाही पिवळं आलं नाही, म्हणजे आजीच्या बियात खोड नव्हती. ती माझ्या उजेडाची करणी होती. ताडपत्री उचलून शेवटचं झाड तपासलं तेव्हा नलूताईंनी माझा हात घट्ट धरला, एवढा की बांगडी रुतली. कंदिलाखालच्या बहुतेक सगळ्यांना पिवळं आलं, तिघींना नाही आलं. त्या तीन झाडांभोवती त्या कितीतरी वेळ फिरत राहिल्या. रात्रभर डोळ्यांवर उजेड घेऊनही ज्या जशाच्या तशा राहिल्या, त्याच पुढच्या आया. मग दर वर्षी तेच चालू झालं. पाच झाडं माझ्या गॅलरीखाली, भिंतीच्या आतल्या बाजूला, कुंड्यांत. एकोणीस दिवस कंदील. जिला पिवळं येईल ती बाद, जी टिकेल तिच्यापासून पुढची पिढी. चांदीचं पाणी वगैरे त्यानंतर. रोज सकाळी भिंगानं प्रत्येक फूल बघायचं काम माझ्याकडे. खाली सरदारजींना वाटायचं, महाराष्ट्रात दिवाळीनंतर झाडांची पूजा करतात. मी तसंच वाटू दिलं.

चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, खरडला स्वस्तात फ्लॅट मिळाला तिकडे गेल्या. अकोल्याला का जात नाही विचारलं तर ओळ इथं आहे म्हणाल्या. हरप्रीत आता डॉक्टर होऊन त्यांच्या जागी आली होती. त्या दिवसांत मी कधी कधी खरडला जायचे. त्यांच्या बाल्कनीतून अर्धवट बांधलेल्या इमारती दिसायच्या आणि मध्येच एखादं राहून गेलेलं मोहरीचं शेत. तिथे खुर्च्या टाकून आम्ही तासन्‌तास काही न बोलता बसायचो, उन्हाची तिरीप एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेली की उठायचो. दिवाळीत मात्र रोज सकाळी साडेसातला त्यांचा फोन. "पिवळं?" मी म्हणायचे, नाही. "ठेव," आणि फोन बंद. ज्या दिवशी आलेलं असेल त्या दिवशी साडेसातची वाट न बघता मीच करायचे. वहीतला तो खाना त्यांनी कधी काढून टाकला नाही. दर दिवाळीला दिसलेल्या प्रत्येक पिवळ्यापुढे त्या तो भरत राहिल्या. हरप्रीतनं एकदा ह्या शब्दाचा अर्थ विचारला होता. त्या तिला म्हणाल्या होत्या, ते सुनंदाचं आहे.

ह्या जूनमध्ये त्या शेवटच्या आल्या. जिना चढवेना म्हणून मीच खाली गेले. पाचातल्या चार कुंड्या हरप्रीतनं पेरल्या, एक नलूताईंनी हट्टानं स्वतः पेरली. माती बोटानं दाबली, कुंडीत खोचायच्या पट्टीवर आपल्या तिरक्या अक्षरात नंबर घातला. पुढच्या वर्षी बी डोंगरात पाठवायचं ठरत होतं. आजी कधीच गेली, पण तिची सून आहे, वाट बघते. मी म्हटलं, आपण दोघी जाऊ घेऊन. त्या हसल्या, मला उचलून नेशील का म्हणाल्या. मी म्हटलं नेईन की, काय वजन आहे तुमचं.

ह्या दिवाळीला मी कंदील काढणारच नव्हते. मनच नव्हतं. सातवीण फुलून सगळ्या सेक्टरभर तो जड, गोडसर वास पसरला होता, डोकं धरायचं. ऋचा म्हणाली, "मम्मा, रहने दो इस साल." धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हरप्रीत वर आली आणि नुसती गॅलरीतल्या खिळ्याकडे बघत उभी राहिली. मग मी स्टुलावर चढले. कंदिलाचे कागद तीनदा बदललेत, काड्या त्याच आहेत. भिंग त्याच खिळ्याला सुतळीनं टांगलेलं असतं, ते गळ्यात घातलं. रोज सकाळी खाली जायचे. नलूताईंच्या हातची कुंडी सगळ्यांत उंच झाली होती, पानं अशी तुकतुकीत. तिच्याजवळ मी जरा जास्त वेळ थांबायचे. साडेसात वाजले की फोनकडे बघायचे आणि त्याला उगाच ऐकवायचे, नाही आलं.

अकराव्या दिवशी तिच्यावर पिवळं दिसलं. एकच. वरून तिसऱ्या झुपक्यात, हिरव्याच्या आत दडलेलं, भिंग नसतं तर मला दिसलंही नसतं. बाकीच्या चारही कोऱ्या होत्या. म्हणजे ओळ सुखरूप होती, बी डोंगरात जाणार होतं, आणि जायची होती ती फक्त ही, त्यांनी आपल्या बोटानं माती दाबलेली. नखानं खुडलं असतं तर कुणाला कळलं असतं? मी तसं नख पुढे केलंसुद्धा. राहू दे हिला, म्हटलं, हिचं बी नका घेऊ, पण बाद नका म्हणू... किती वेळ तशी उभी होते कोण जाणे, धुक्यात भिंतीवरून पाणी ठिबकत होतं. मग मला तो धूर आठवला, आणि कपाटावरचं खोकं, आणि उद्या सांगू, उद्या सांगू. मी हात मागे घेतला आणि हरप्रीतला फोन लावला. तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती.

ती स्कूटरवर आली तेव्हा केसांवर दव होतं. भिंगातून बघितलं, पट्टीवरचं अक्षर वाचलं. आम्ही दोघींनी मिळून ते झाड उपटलं. मुळांनी माती अशी धरून ठेवली होती की कुंडीच बरोबर उचलून आली. मग तिनं नलूताईंची ती जुनी वही काढली. तारीख लिहिली, कुंडीचा नंबर लिहिला, फूल कुठल्या झुपक्यात ते लिहिलं. शेवटच्या खान्याशी तिचं पेन थांबलं. ती म्हणाली, "ये आप लिखिए, आंटीजी." वर माझे आठ वर्षांतले सगळे खाने होते, त्यांच्या तिरक्या अक्षरात, सगळ्यात वर ते चार दिवस. मी पेन घेतलं आणि उशिराच्या खान्यात लिहिलं, नाही. मग त्याच उलट्या बादलीवर बसून, त्या गेल्यापासून पहिल्यांदा रडले.